वरच्या-खालच्यातली वजाबाकी: कोल्हापूरच्या डॉक्टर मंडळींना खुलं पत्र

कोल्हापुरातल्या समस्त हृदयरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि गल्लोगल्लीच्या फॅमिली डॉक्टर मंडळींना,

सा. न. वि. वि.

मी डॉक्टर नाही. शिवाजी उद्यमनगरात 41 वर्षं पंपांची दुरुस्ती केली. आता वर्कशॉप मुलगा बघतो आणि मी सकाळी दोन तास जाऊन त्याच्या कामात नाक खुपसतो. भोगावती, पंचगंगा, दूधगंगा या नद्यांच्या काठावरच्या किती पाणीपुरवठा संस्थांच्या मोटारी माझ्या हाताखालून गेल्या, त्याचा हिशेब नाही. त्यामुळं या पत्रात पाइप, पंप, व्हॉल्व्ह असलीच भाषा येणार. ती चालवून घ्या. दुसरी मला येत नाही, आणि ज्यावर लिहितोय तो विषयही शेवटी पाइपचाच आहे.

2018 साली मला स्टेंट बसला. बीपीची गोळी त्याच्या दोन वर्षं आधीपासून. वर्कशॉपात प्रत्येक पंपाची नोंद ठेवायची सवय होती, तशी बीपीचीही वही ठेवली आहे. लाल कापडी बांधणीची, खतावणीसारखी. तारीख, वरचा, खालचा. तीन रकाने. चौथा रकाना मी गेल्या वर्षी आखला: वरच्यातून खालचा वजा. त्या चौथ्या रकान्यासाठी हे पत्र.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, गेल्या वर्षी वारले. करवीर तालुक्यातले ऊसवाले शेतकरी, वय 69. गेल्याच्या आदल्या वर्षी अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. नंतर गोळ्या वेळच्या वेळी, तपासण्या वेळच्या वेळी. तेराव्यानंतर आक्कानं फाईल माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुझ्या वहीसारखंच आहे यात सगळं. बघ काय कळतंय का."

फाईलमध्ये पाच भेटींचे कागद होते. 152/74. 158/68. 166/64. 170/60. 174/58. शेवटच्या भेटीला मी स्वतः दाजींच्या सोबत होतो. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला, पंपिंग 55 टक्के, स्टेंट उघडे. समोरचे डॉक्टर मनापासून खूश झाले होते. म्हणाले, "खालचा अठ्ठावन्न, एकदम छान. वरचा या वयात थोडा राहणारच." बाहेर पडल्यावर आम्ही मिसळ खाल्ली. तीन आठवड्यांनी पहाटे दाजी म्हशींना वैरण टाकायला गोठ्यात गेले, ते परत आलेच नाहीत.

त्या आकड्यांनीच दाजी गेले, असं मी म्हणत नाही. ते ठरवणं माझं काम नाही, आणि कुणावर ठपका ठेवायला हे पत्र लिहिलेलं नाही. पण ते पाच कागद मी एकाखाली एक लावले आणि पेन्सिलीनं वजाबाकी केली. 78, 90, 102, 110, 116. एखाद्या लाईनवरच्या प्रेशर गेजचा काटा असा दर खेपेला जास्त जास्त डुलायला लागला असता, तर मी मोटार बंद करून अख्खी लाईन पायी तपासली असती. दाजींच्या फाईलमध्ये त्या वजाबाकीला जागाच नव्हती. पाच भेटींत कुणी ती केली नाही. आणि पंपात हयात घालवलेला मी शेजारी बसलेलो असून, मीही केली नाही.

माझी नात मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला विचारलं तर हसली. म्हणाली, "आबा, याला पल्स प्रेशर म्हणतात. आमच्या पुस्तकात आहे सगळं. धमन्या कडक झाल्या की ते वाढतं. पण ओपीडीत दीडशे पेशंट असतात, वजाबाकी कोण करत बसणार?" मग सुट्टीत तिनं मला बसवून एकेक गोष्ट शिकवली आणि मी तिला पंप शिकवला. व्यवहार बरोबरीचा झाला.

तुम्हाला ठाऊक असलेलं तुम्हालाच सांगतोय, याची मला कल्पना आहे. पण हे पत्र तुमच्या पेशंटांच्याही हातात पडणार, म्हणून थोडं सोपं करून लिहितो.

पाठीवरचा फवारणीचा पंप आपल्याकडं घरोघरी आहे. एका हातानं दांडा खालीवर करायचा, दुसऱ्या हातात नोझल. दांडा तर थांबून थांबून चालतो, मग फवारा अखंड कसा येतो? आत एक छोटी प्रेशर चेंबर असते, तिच्यात हवा कोंडलेली. दांडा दाबला की पाणी आत घुसून हवा दाबतं, दांडा सोडला की ती हवा फुगून पाणी पुढं ढकलते. ती चेंबर निकामी झाली की पंप तोच, ताकद तीच, पण नोझलमधून पिचकाऱ्या उडायला लागतात. एक झटका, मग काही नाही, परत एक झटका. पोरगं दमतं ते वेगळंच, कारण प्रत्येक दाबाला दांडा जड लागतो.

छातीतला पंपही असाच थांबून थांबून चालतो. दिवसाला साधारण एक लाख ठोके. त्याची चेंबर म्हणजे महाधमनी. हृदयानं एका ठोक्याला बाहेर टाकलेल्या रक्तातलं निम्म्याच्या आसपास रक्त ती आणि तिच्या जवळच्या मोठ्या नळ्या फुगून पोटात ठेवून घेतात, आणि हृदय विसावा घेत असताना पुढं सोडतात. ही तुलना माझ्या डोक्यातून आलेली नाही. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला उभी काचनळी जोडली, रक्त 8 फूट 3 इंच चढलेलं पाहिलं आणि 1733 साली ते छापलं. धमन्यांच्या फुगण्या-आकसण्याला त्यांनी त्या काळच्या आगीच्या बंबातल्या हवेच्या चेंबरची उपमा दिली होती. 1899 साली ऑटो फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञानं त्याच कल्पनेचं गणित मांडलं. म्हणजे उद्यमनगरातल्या माणसाला कळणारी गोष्ट तीनशे वर्षं जुनी आहे.

वय वाढतं तशी या नळीच्या भिंतीतली रबरासारखी जाळी ठोक्याठोक्याला तुटत जाते. ती जाळी शरीर पुन्हा नीट विणत नाही. तिची जागा दोरखंडासारखे राठ धागे घेतात, कुठं चुना साठतो. साखर असेल, तंबाखू असेल, मूत्रपिंड बिघडलेलं असेल, वर्षानुवर्षं बीपी चढलेलं असेल, तर हे सगळं लवकर होतं. हा बिघाड ब्लॉकेजपेक्षा वेगळा. ब्लॉकेज म्हणजे नळी आतून एका ठिकाणी तुंबली. इथं नळी आतून स्वच्छ असली तरी लवायची बंद झाली. अँजिओग्राफीच्या सीडीत पहिला बिघाड दिसतो, दुसरा दिसत नाही. म्हणून पहिल्यासाठी आमच्याकडं सीडी आहे, स्टेंटचं कार्ड आहे, आणि नातेवाइकांना सांगायला "दोन ब्लॉक होते, काढले" अशी गोष्ट आहे. दुसऱ्यासाठी काहीच नाही.

आता वरच्या-खालच्याकडं या. नळी लवेना झाली की हृदयाचा झटका जिरवायला कुणी नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. साठवून ठेवलेलं रक्त नाही, म्हणून विसाव्याच्या वेळी दाब टिकत नाही आणि खालचा आकडा उतरतो. दोन्ही एकाच बिघाडानं होतं. वरचा बिघडला आणि खालचा सुधारला, असं ते नसतं. पेशंटला मात्र तसंच ऐकू येतं, कारण खालचा आकडा कमी म्हणजे चांगला, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

आणि खालचा आकडा म्हणजे हृदयाची स्वतःची भाकरी. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते बहुतेक तो सैल पडलेला असताना. आकसलेला असताना तो आपल्याच नळ्या दाबून धरतो. म्हणजे ज्या वेळी त्याला जेवायचं असतं, नेमका त्याच वेळचा दाब कडक नळी हिरावून घेते, आणि वरच्या वाढलेल्या दाबाविरुद्ध काम मात्र जास्त करायला लावते. भाकरी कमी, गाडा जड. साध्या माणसाला हे काही वर्षं खपून जाईल. ज्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत, त्याचं काय?

यात लाटेचा भाग आहे, तो मला सगळ्यांत जवळचा. उपसा योजनेवर मोटार चालू असताना लाईट गेली की काय होतं, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. वर चढणारं पाणी उलटं फिरतं, व्हॉल्व्ह धाडकन आपटतो आणि लाईनमधून दाबाची लाट धावत जाते. आम्ही म्हणतो हॅमर बसला. किती लाईनी फुटलेल्या मी पाहिल्यात! ही लाट किती जोरात पळणार ते पाइप किती कडक यावर ठरतं. लोखंडी पाइपात सेकंदाला हजार मीटरच्या आसपास, पीव्हीसीत त्याच्या निम्म्याहून कमी. आपल्या अंगातही प्रत्येक ठोक्याला अशीच एक लाट धावते आणि तोच कायदा पाळते. तरण्या महाधमनीत सेकंदाला पाच-सहा मीटर, म्हाताऱ्या कडक महाधमनीत दहा-बारा किंवा जास्तच. पुढं फाटे फुटतात तिथून ती लाट आपटून परत येते. तरुणात ती सावकाश येते, हृदय विसावलेलं असताना पोचते आणि खालच्या दाबाला हातभार लावते. कडक नळीत ती घाईनं परतते आणि हृदय अजून रक्त बाहेर ढकलत असतानाच समोरून येऊन धडकते.

हा वेग मोजता येतो. मानेजवळच्या नाडीवर एक सेन्सर, जांघेतल्या नाडीवर एक, मधलं अंतर टेपनं घ्यायचं, लाटेला लागलेला वेळ मशीन देतं. अंतर भागिले वेळ. सातवीच्या पोराचं गणित. 2012 साली युरोपातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून सेकंदाला 10 मीटर ही धोक्याची रेघ ठरवली.

आता मरणाची गोष्ट. नातीनं समजावलेल्या अभ्यासांपैकी माझ्या मनात चार घर करून राहिले. 1999 साली पॅरिसमधल्या डॉक्टरांनी मूत्रपिंड निकामी झालेल्या 241 रुग्णांत ज्यांची महाधमनी जास्त कडक ते जास्त मरतात, हे दाखवलं. 2001 साली तिथल्याच मंडळींनी बीपीच्या 1,980 रुग्णांत तेच दाखवलं. 2010 साली अशा 17 अभ्यासांची एकत्र मोजणी झाली: 15,877 माणसं, सरासरी 7.7 वर्षांचा पाठपुरावा. वय आणि नेहमीचे बाकीचे धोके हिशेबात धरूनही, लाटेचा वेग सेकंदाला 1 मीटरनं वाढला की हृदयविकारानं मरण्याचा धोका 15 टक्क्यांनी वाढलेला, आणि कुठल्याही कारणानं मरण्याचाही तितकाच.

चौथा अभ्यास खास आमच्यासारख्यांचा. अटॅक येऊन गेलेले आणि हृदयाचं पंपिंग 40 टक्के किंवा त्याहून कमी असलेले 2,231 रुग्ण. त्यांचा 1997 साली छापलेला हिशेब. यात मशीन नाही, जांघेतला सेन्सर नाही. दंडाला पट्टा बांधून घेतलेलं साधं बीपी आणि वजाबाकी. वरच्या-खालच्यातला फरक 10 नं जास्त असला की मृत्यूचा धोका 8 टक्के जास्त, पुन्हा अटॅकचा 12 टक्के जास्त. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. दाजींच्या पहिल्या आणि शेवटच्या कागदात या फरकातच 38 चं अंतर होतं. दाजींचं पंपिंग चांगलं होतं, त्यामुळं तो हिशेब त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही, हे नातीनं लगेच बजावलं. बरोबर आहे. पण माझ्या डोक्यातून तो 38 जात नाही.

अजून एक. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पिढ्यान् पिढ्या लोकांची तपासणी चालू आहे. तिथल्या 50 ते 79 वयाच्या लोकांचा 20 वर्षांचा हिशेब 1999 साली मांडला गेला. त्यात निघालं असं, की वरचा आकडा 120 किंवा त्याच्या पुढं एकाच जागी धरला, तर खालचा जितका कमी तितका हृदयविकाराचा धोका जास्त. 150/70 वाला माणूस 150/90 वाल्यापेक्षा जास्त धोक्यात. मी हे रंकाळ्यावर सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर सांगितलं, तर दोघांनी मला वेड्यात काढलं. त्यातला एक निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "खालचा कमी म्हणजे शांत माणूस." आता बोला!

"या वयात वरचा राहणारच" हे वाक्य मात्र तुमच्या बाजूनं येतं. माझ्या तरुणपणी जुने डॉक्टर सांगायचे, वय अधिक शंभर, तेवढा वरचा चालतो. तेव्हा सगळ्या जगातच तसं मानत. 1991 साली अमेरिकेतल्या एका चाचणीनं ते मोडीत काढलं. साठीच्या पुढचे 4,736 लोक, वरचा 160 च्या पुढं, खालचा 90 च्या आत, म्हणजे दाजींच्याच जातीचे. वर्षानुवर्षं वापरातल्या स्वस्त गोळीनं वरचा खाली आणला तर पक्षाघात 36 टक्क्यांनी कमी झाले. याला तीस वर्षं उलटून गेली. वय अधिक शंभर कोल्हापुरात अजून ऐकू येतं, कधी पेशंटच्या तोंडून, कधी टेबलाच्या पलीकडून.

तुमचं कोडं मला कळत नाही असं नाही. वरचा उतरवायला गोळी वाढवली की खालचाही उतरतो, आणि हृदयाच्या नळ्या अरुंद असलेल्या माणसाचा खालचा फार उतरवणं धोक्याचं. मेन व्हॉल्व्ह आवळला की शेवटच्या शेतकऱ्याचं पाणी तुटतं, तसंच हे. म्हणून कुणाला कुठली गोळी द्या, असलं शहाणपण मी शिकवणार नाही. दुसरंही एक ठाऊक आहे: नुसता फरक बघून फसायला होतं. झडप गळत असेल, रक्त कमी असेल, थायरॉइड वाढलेलं असेल तरी फरक वाढतो. आणि पंपच पार थकला असेल तर नळी कडक असूनही फरक लहान दिसतो. म्हणून वजाबाकी इकोच्या कागदाशेजारी ठेवूनच वाचायची. हे नातीनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलंय.

मशीन घ्या, असंही मी म्हणत नाही. सुरुवातीला म्हणणार होतो. पत्राच्या पहिल्या मसुद्यात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात लाटेचा वेग मोजायचं मशीन बसवा अशी मागणी होती, खाली सह्या गोळा करायच्या होत्या. मग नातीनं 2021 सालचा एक अभ्यास समोर ठेवला. फ्रान्समधले 536 रुग्ण. अर्ध्यांचे उपचार लाटेचा वेग बघत बघत ठरवले, अर्ध्यांचे नेहमीच्या पद्धतीनं. वेग बघणाऱ्यांच्या नळ्या थोड्या कमी कडक राहिल्या, पण अटॅक आणि मृत्यूत ठाम फरक दिसला नाही. रुग्ण थोडे होते, मुदत चारेक वर्षांची होती, हे धरूनही मी मागणी खोडली. धोका ओळखता येणं आणि तो टाळता येणं यांत अंतर आहे, हे पंपवाल्याला नवीन नाही. गेज लावल्यानं लाईन फुटायची थांबत नाही. पण गेज नसलेल्या लाईनवर मी कधी काम घेतलं नाही.

म्हणून मागतोय ते फुकटचं आहे. फाईलमध्ये बीपी लिहिताना शेजारी वजाबाकी लिहा. 174/58, 116. बस्स. मागच्या भेटीचाही तिथंच दिसू द्या. युरोपातल्या तुमच्याच व्यवसायबंधूंच्या मार्गदर्शक सूचनांत वयस्कर माणसाचा हा फरक 60 किंवा जास्त असणं धोक्याच्या यादीत घातलेलं आहे, तर 60 च्या पुढं लाल पेन वापरा. आणि ते पेशंटला सांगा. "खालचा छान आहे" ऐवजी "तुमच्या मोठ्या नळ्या कडक झाल्यात" असं. आम्ही घाबरणार नाही. ऊसवाल्याला कडक पाइप म्हणजे काय ते डिग्रीशिवाय कळतं. दाजींना कुणी ते त्यांच्या भाषेत सांगितलं असतं, तर निदान त्यांनी शेवटपर्यंत गोठ्यात दोन-दोन बिंडे वैरण एकट्यानं उचलली नसती. आणि मिश्री सोडली असती. कदाचित. माणूस हट्टी होता.

आकडा मुळात नीट घेतला, तर वजाबाकीला अर्थ. आमच्या भागातल्या एका मंडळानं गणपतीत मोफत हृदय तपासणी शिबिर ठेवलं होतं. मंडळाचं नाव घेत नाही, पोरं चांगली आहेत. मांडवात साउंड सिस्टीम टेस्टिंग चाललेलं, खुर्ची पाठीविना, माणूस नुकताच सायकलवरून उतरलेला, आणि पट्टा जाड शर्टाच्या बाहीवरून बांधलेला. त्यात बीपी घेणारी मुलगी विचारतेय, "काका, काल जेवला काय?" आणि काका सांगतायत. पाच मिनिटं गप्प बसवणं, पाठ टेकवणं, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला, दोनदा घेऊन सरासरी. यातलं काहीच नव्हतं. माझा आला 182/94. घरी येऊन तासाभरानं घेतला तर 156/78. शिबिरांच्या फ्लेक्सवर तुमची नावं आणि फोटो असतात. तेव्हा तिथं खुर्ची कसली आणि पट्टा कसा, हे बघायचा हक्कही तुमचाच.

जाता जाता जुन्या नाडीवाल्यांची आठवण. 1870 च्या दशकात लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात फ्रेडरिक मोहमद नावाचे तरुण डॉक्टर नाडीची लाट कागदावर उमटवून घेत. पट्टा फुगवून बीपी मोजायचं यंत्र अजून यायचं होतं. नुसत्या त्या रेघेवरून ताणलेली, कडक नाडी ते ओळखायचे, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसांतही ती सापडते हे त्यांनी नोंदवलं. वयाच्या पस्तिशीतच वारले. त्यांचे आजोबा मूळचे पाटण्याचे, इंग्लंडात जाऊन मालिशचं स्नानगृह चालवणारे. आपल्या मातीतल्या माणसाचा नातू म्हणून मला ही गोष्ट विशेष आवडली. आज तुमच्या टेबलावरचं यंत्र त्यांच्या यंत्रापेक्षा कितीतरी पुढचं आहे, आणि आम्ही त्याचे दोन्ही आकडे घेऊन एकच वाचतो.

आम्ही पेशंटांनी काय करायचं, तेही लिहितो, म्हणजे सगळा भार तुमच्यावर टाकला असं नको. गोळी मनानं बंद करायची नाही. तंबाखू, मिश्री, बिडी बंद. साखर आटोक्यात. रोज चालायचं, चालण्यानं नळ्या थोड्या मोकळ्या राहतात. आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला उगाच बदनाम करतात. तो रोज कोण खातो? मीठ बसलंय फरसाणात, ब्रेडमध्ये, लोणच्या-पापडात, आणि जेवताना ताटात डाव्या कोपऱ्यात वाढून घ्यायच्या सवयीत. माझ्या घरी ताटातलं मीठ बंद झाल्याला आठ महिने झाले. पहिले पंधरा दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही.

माझ्या वहीतलंही सांगतो. 2016 साली पहिलं पान: 148/90, फरक 58. गेल्या वर्षी चौथा रकाना आखला तेव्हा: 164/76, फरक 88. तो रकाना मी माझ्या डॉक्टरांपुढं ठेवला. त्यांनी वही हातात घेतली, मागं मागं पानं उलटत गेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गोळ्या बदलल्या, मूत्रपिंडाची तपासणी करायला लावली आणि म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलं?" आधीचे तीन रकाने मी त्यांना दर खेपेला दाखवतच होतो. पण ते बोललो नाही. माणूस चांगला आहे, आणि त्यांच्या दाराबाहेर अजून चाळीस जण बसले होते. गेल्या महिन्यात 146/74 आला. फरक 72. अजून लालच आहे.

दिवाळीनंतर माझी पुढची तपासणी आहे. वही घेऊन येतो. या वेळी चौथ्या रकान्यातला आकडा तुमच्या हातानं घाला, एवढीच विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उद्यमनगरातला एक जुना पंपवाला

ता. क. दाजींची फाईल आक्कानं परत मागितलेली नाही. माझ्या वहीखालीच ठेवली आहे. कुणा डॉक्टरांना ते पाच कागद एकाखाली एक लावून बघायचे असतील, तर नावं झाकून दाखवायला आक्काची ना नाही. मी विचारलंय.